टीबीसारखा, पण टीबी नव्हे : बावीस महिन्यांच्या गोळ्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे धान पिकतो, पश्चिमेकडे कापूस, सोयाबीन आणि तूर. या प्रकरणातल्या बाईंचं गाव पश्चिमेकडचं. वय ५६. अडीच एकर कोरडवाहू शेती, नवरा वारलेला, घरात मुलगा, सून आणि दोन नातवंडं. स्वतःच्या शेतातला वेचा आटोपला की दुसऱ्याच्या शेतात किलोवर कापूस वेचायला जायच्या. मी तालुक्याच्या गावी लहानसा दवाखाना चालवतो. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. त्यांच्या आणि सुनेच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मावशींना पहिल्यांदा टीबी झाला तो २००९ साली. सहा महिने दिवसाआड गोळ्या घेतल्या आणि बऱ्या झाल्या. २०१५ साली पुन्हा झाला. तेव्हा आठ महिने गोळ्या आणि पहिल्या दोन महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिनची २४ इंजेक्शनं. त्या इंजेक्शनांपासून कानात रातकिडे बोलतात, असं त्या सांगायच्या. तेव्हा ते कोणी लिहून ठेवलं नाही. पुढे त्याच रातकिड्यांनी एक मोठा निर्णय फिरवला.

आणखी एक गोष्ट २००९ पासूनची. त्यांचं ताट वेगळं होतं. जर्मनचं, काठाला पोचा आलेलं, चुलीमागच्या फळीवर एकटं ठेवलेलं. औषध संपलं, ताट तिथंच राहिलं.

मार्च २०२२ मध्ये खोकला परत आला. सकाळी उठल्यावर अर्धी वाटी पिवळा बेडका, संध्याकाळी अंगात कसकस, आणि वजन उतरलेलं. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, काचपट्टीवर जंतू दिसले, रिपोर्ट पॉझिटिव्ह. त्याच थुंकीचा सीबीनॅट या मशीनवरच्या तपासणीचा रिपोर्ट मात्र आला की टीबीचा जंतू आढळला नाही. टीबीचं औषध तिसऱ्यांदा सुरू झालं.

हे दोन्ही कागद घेऊन मुलगा माझ्याकडे आला होता. मी ते पाहिले आणि म्हणालो, मशीन चुकलं असेल, औषध चालू ठेवा. या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे, म्हणून ती आधी सांगतो.

दोन रिपोर्ट जुळत नव्हते

काचपट्टीवर रंग देऊन जे जंतू पाहतात ते सगळे एका मोठ्या कुळातले. टीबीचा जंतू त्याच कुळातला, पण त्यात त्याचे दीडशेहून जास्त भाऊबंद आहेत आणि ते माती-पाण्यात राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच दिसतात. सीबीनॅटचं तसं नाही. ते फक्त टीबीच्या जंतूचा डीएनए शोधतं. पट्टीवर भरपूर जंतू असताना सीबीनॅटला टीबी सापडत नसेल, तर पहिली शंका मशीनवर घ्यायची नसते. हा जंतू टीबीचा नाही, अशी शंका आधी घ्यायची असते. हे मी कॉलेजात शिकलो होतो. दवाखान्यात रोज दहा टीबीवाले पाहिले की अकरावाही टीबीच वाटतो.

ऑगस्टमध्ये मावशी पुन्हा आल्या. पाच महिने एकही गोळी चुकली नव्हती. वजन ४२ वरून ३८ किलोवर उतरलं होतं आणि थुंकी अजून पॉझिटिव्हच होती. मुलगा म्हणाला, "भाऊ, औषध खोटं हाये का?"

यावेळी दोन वेगवेगळ्या दिवशी थुंकी घेऊन कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, पाठवली. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही नमुन्यांत वाढ दिसली. टीबीची ओळख पटवणारी चाचणी दोन्हींत निगेटिव्ह. पुढच्या तपासणीत जंतूचं नाव कळलं, मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलारे. अशा जंतूंना एकत्रितपणे एनटीएम म्हणतात, म्हणजे टीबी न करणारे मायकोबॅक्टेरिया. अझिथ्रोमायसिनच्या गटातलं औषध या जंतूवर चालतं की नाही, हेही तपासून घेतलं. चालत होतं. नागपूरला सीटी स्कॅन केलं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात दोनेक सेंटिमीटरची पोकळी होती, आणि दोन्ही बाजूंच्या श्वासनळ्या जागोजागी फुगून कायमच्या सैल पडल्या होत्या. जुन्या टीबीने केलेली ही पडझड. अशा नळ्यांत बेडका साचून राहतो आणि असे जंतू तिथं घर करतात.

एका पॉझिटिव्ह कल्चरवर हा आजार ठरवत नाहीत, कारण जंतू पाण्यातूनही नमुन्यात येऊ शकतो. लक्षणं, सीटीतली खूण आणि वेगवेगळ्या वेळच्या किमान दोन थुंकीत तोच जंतू, असं तिन्ही जुळावं लागतं. इथं जुळलं होतं.

बरोबर निदान महाग पडलं

आता नीट निदान झालं म्हणून मला हायसं वाटलं. घरच्यांना तसं वाटायचं काही कारण नव्हतं. टीबी असेपर्यंत गोळ्या फुकट, तपासण्या फुकट, निक्षय पोषण योजनेचे तेव्हाचे महिन्याला ५०० रुपये बँकेत, आणि आशाताई आठवड्यातून एकदा दारात. टीबी नाही असं ठरताच निक्षयवरची, म्हणजे टीबीच्या सरकारी यादीतली, नोंद बंद झाली आणि हे सगळं थांबलं. सरकारी टीबीच्या गोळीत तीन-चार औषधं एकत्र असतात. त्यातली दोन मावशींच्या कामाची नव्हती, आणि कामाची होती ती सुटी मिळत नव्हती. म्हणजे आता औषध दुकानातून, पदरच्या पैशांनी.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मंग टीबीच राहू द्या ना लिहिलेला."

याला लबाडी म्हणणं मला जमत नाही. घरचा हिशेब पाहता तो बरोबर बोलत होता. तरी मी नाही म्हणालो. कारण टीबीच्या नावाखाली तीच गोळी चालू राहिली असती, जंतू तसाच राहिला असता, आणि वर्षभराने कोणीतरी हा औषधांना न जुमानणारा टीबी समजून आणखी कडक औषधं सुरू केली असती. खोट्या नोंदीमुळे पुढच्या डॉक्टरची वाटही चुकते.

एक गोष्ट मात्र निदानाने फुकट दिली. हा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. मी हे सुनेला दोनदा सांगितलं. मावशींना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मंग पोट्टे माह्याजवय झोपले तं चालते?"

कोणते पर्याय होते

पहिला, थांबून पाहणं. या आजारात हाही खरा पर्याय असतो. काहींचा आजार वर्षानुवर्षं हलत नाही आणि औषधाचा त्रासच जास्त होतो. मावशींनाही तेच हवं होतं, कारण दिवाळी तोंडावर होती, सीतादही (वेच्याआधीची कापसाची पूजा) झाली की वेचा सुरू होणार, आणि ते तीन महिने म्हणजे घराची वर्षाची रोकड. पण थुंकीत पट्टीवर दिसण्याइतके जंतू, पोकळी आणि घटतं वजन अशा तिन्ही गोष्टी असल्या तर थांबू नये असं म्हणतात. आम्ही थांबलो नाही.

दुसरा पर्याय, आठवड्यातून तीनच दिवस औषध. स्वस्त, सोपं, पोटाला हलकं. पण ते पोकळी नसलेल्यांसाठी. पोकळी असेल तर रोजचंच.

तिसरा, रोजच्या तीन गोळ्या आणि पहिले दोन-तीन महिने अमिकासिनची इंजेक्शनं. पोकळीच्या आजारात ही इंजेक्शनं सुचवतात. इथं ते रातकिडे आडवे आले. कानांची तपासणी केली. वरच्या पट्टीतलं ऐकणं आधीच कमी झालं होतं. अमिकासिन हे स्ट्रेप्टोमायसिनचंच भावंड, कानाला तसंच वाईट. नागपूरच्या छातीरोगतज्ज्ञांशी फोनवर बोललो आणि इंजेक्शनं सोडून द्यायचं ठरलं. म्हणजे जंतू मरायला वेळ लागणार हे कबूल करून टाकलं. इंजेक्शनं दिली असती तर थुंकी लवकर साफ झाली असती का, हे मला आजही सांगता येणार नाही.

शेवटी ठरलं ते असं : अझिथ्रोमायसिन २५०, रिफॅम्पिसिन ४५०, इथॅम्बुटॉल ६०० मिलिग्रॅम, तिन्ही रोज. हे आकडे त्यांच्या ३८ किलो वजनाचे आहेत, दुसऱ्या कोणी यावरून गोळ्या घेऊ नयेत. मुदत थुंकीवर मोजायची. कल्चर निगेटिव्ह यायला लागल्यापासून पुढे निदान १२ महिने. मावशी म्हणाल्या, "म्हंजे कधी संपन हे तुमालेच मालूम नाही." खरं होतं ते.

सुरुवात

नोव्हेंबर २०२२ मध्ये औषध सुरू झालं. आधी डोळे तपासले (नजर आणि रंग दोन्ही), ईसीजी काढला, यकृत आणि मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या केल्या. या सगळ्यात दहा दिवस गेले आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली.

पहिल्या अडचणी लहान होत्या, पण उपचार मोडला असता तर त्यांनीच मोडला असता. रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीही नारिंगी होतं. मावशींना हे जुन्या टीबीपासून माहीत होतं, सुनेला नव्हतं. पातळावर नारिंगी डाग पाहून ती घाबरली. औषध दुकानात वेगळीच गंमत. रिफॅम्पिसिन विकताना दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. तो दर वेळी विचारायचा, टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तुम्ही विकत का घेता? चार लोकांसमोर. मुलगा वैतागून दुसऱ्या गावच्या दुकानात जायला लागला, तिथं साठा नसायचा. मग मी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या आणि दुकानदाराला फोन केला. त्यानंतर तो महिन्याच्या गोळ्या बाजूला काढून ठेवायला लागला. गोळ्यांचाच खर्च महिन्याला ७०० ते ८०० रुपये होता.

दुसऱ्या महिन्यात मळमळ सुरू झाली. सकाळी पाचला उपाशीपोटी तिन्ही गोळ्या, सातला शेतात, दहाला भाकर. मधल्या वेळात उलटी. रिफॅम्पिसिन रिकाम्या पोटी जास्त लागू पडतं म्हणून मी वेळेला चिकटून बसलो होतो. तीन आठवड्यांत वजन ३८ वरून ३५.५ वर आलं. मग ते सोडलं आणि तिन्ही गोळ्या रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना घ्यायला सांगितल्या. मळमळ झोपेत निघून जायला लागली. ही साधी गोष्ट मला दहा दिवस आधी सुचायला हवी होती.

गोळ्या पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात असायच्या आणि हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयवर. सून सहावीनंतर शाळेत गेली नाही, पण हिशेबाला पक्की. गोळी घेतली की त्या तारखेच्या कोपऱ्यात टिंब, उलटी झाली तर टिंबाला शेपूट, चुकली तर गोल. दर महिन्याला ती ते पान फाडून आणायची. माझ्या केस पेपरपेक्षा मला त्या पानांतून जास्त कळायचं. जानेवारीत सलग चार गोल दिसले. विचारलं तर चौघी जणी ऑटोने दूरच्या शेतावर वेचायला गेल्या होत्या, मुक्काम तिथंच, आणि डबा घरी.

बेडका काढणं हा औषधाचाच भाग होता, आणि तो मी उशिरा मनावर घेतला. फुगलेल्या नळ्यांतला बेडका रोज बाहेर पडला नाही, तर गोळ्या वरवर काम करतात. बाजेवर आधी डाव्या कुशीवर, मग उजव्या, खोल श्वास घेऊन तीन मोजेपर्यंत धरायचा, आणि मग खोकायचं नाही, आरशावर वाफ धरताना सोडतो तसा 'हाऽ' करून श्वास जोरात सोडायचा. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा. पहिल्या दिवशी माझ्यासमोर करून दाखवताना त्यांना हसू आलं, हसता हसता खोकला आला आणि भला मोठा गोळा पडला. डबीत पाहून म्हणाल्या, "एवढा होता का अंदर?" पुढे नातू घड्याळ धरून बसायचा.

चुलीचं मात्र जमलं नाही. सिलिंडर होता, पण पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) ढीग अंगणात फुकट पडलेला असताना गॅस कोण जाळणार? एवढंच झालं की चुलीपुढे सून बसायला लागली आणि मावशी बाहेर बसून भाजी निवडायला लागल्या.

मिरचीचा रंग

एप्रिल २०२३. परड्यात मिरचीची दहा-बारा झाडं होती. मावशी पिकलेल्या मिरच्या तोडायला गेल्या आणि टोपल्यात निम्म्या हिरव्या घेऊन आल्या. सून म्हणाली, सासूबाई, या तं कच्च्याच आहेत. त्या म्हणाल्या, मले सगळ्या सारख्याच दिसून राहिल्या.

सुनेला सुरुवातीला सांगितलेलं आठवलं, डोळ्यांत फरक पडला तर लगेच कळवा. तिने फोन केला. मी त्या दिवशी बाहेरगावी होतो आणि फोन लागला नाही. तेव्हा मुलाने जवळच्या एका डॉक्टरांना विचारलं. त्यांनी इथॅम्बुटॉल थांबवायला सांगितलं, हे अगदी योग्य. रिफॅम्पिसिनही थांबवा म्हणाले, यकृताला जड म्हणून. अझिथ्रोमायसिन 'साधं अँटिबायोटिक' आहे, ते चालू राहू द्या म्हणाले. मला हे कळलं तेव्हा नऊ दिवस झाले होते.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त भीती त्या नऊ दिवसांची वाटली. या आजारात अझिथ्रोमायसिन हा मुख्य बैल. तो एकटा जुंपला की जंतू त्यालाच शिकतो, आणि एकदा शिकला की पुढचा उपचार फार अवघड. इथॅम्बुटॉलचं मोठं काम अझिथ्रोमायसिनला तसं होण्यापासून राखण्याचं असतं. म्हणून एक गोळी थांबवायची वेळ आली तर तिन्ही थांबवायच्या, डॉक्टरला गाठायचं, आणि मग काय ते ठरवायचं. आठ-पंधरा दिवस काहीच न घेतल्याने फारसं बिघडत नाही. हे वाक्य मी पहिल्या दिवशी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला हवं होतं. मी फक्त 'डोळ्यांत फरक पडला तर कळवा' एवढं सांगितलं होतं. कळवलं, पण फोन उचलायला मी नव्हतो, त्याचं काय?

तिन्ही गोळ्या थांबवल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची पुस्तिका दाखवली. पाच महिन्यांपूर्वी मावशींनी सगळे आकडे ओळखले होते, आता निम्मेही नाही. नजर ६/९ वरून ६/१८ वर आली होती. मोतीबिंदू एवढा नव्हता. इथॅम्बुटॉल कायमचं बंद.

पाच महिन्यांत डोळे एकदाच तपासले होते, तेही सुरुवातीला. दर महिन्याला तपासायचं असं मीच लिहिलं होतं. पण डोळ्यांचे डॉक्टर ३५ किलोमीटरवर, आणि महिलांना एसटीचं तिकीट अर्धं झालं ते मार्च २०२३ मध्ये. त्याआधी दोघींचं जाणं-येणं, चहा-नाश्ता आणि बुडालेली मजुरी धरून दर खेपेला चारशे रुपयांना खड्डा. त्यांनी ते टाळलं आणि मी ते चालवून घेतलं.

नवी गोळी, जुनी भीती

इथॅम्बुटॉलच्या जागी काय द्यायचं? तज्ज्ञांनी क्लोफाझिमिन सुचवलं. औषध चांगलं, पण दोन अडचणी. एक म्हणजे ते दुकानात सहज मिळत नाही. दुसरी अडचण या मुलखाची. क्लोफाझिमिन ही कुष्ठरोगाच्या गोळ्यांतली एक. तिने कातडी तांबूस-काळी पडते. चंद्रपूर-वर्धा पट्ट्यातली माणसं तो रंग ओळखतात. वरोऱ्याचं आनंदवन इथून दूर नाही, आणि गावोगाव कोणी ना कोणी त्या गोळ्या घेतलेल्या आहेत. टीबीचं नाव पुसलं जाईपर्यंत चेहऱ्यावर महारोगाचं नाव लागणार होतं.

ही गोष्ट लपवून औषध देता आलं असतं. रंग हळूहळू बदलतो, दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नसतं. सांगितलं तर त्या नाही म्हणतील अशी भीती मला होती. तरी सांगितलं, सून आणि आशाताई दोघींच्या समोर. मावशी थोडा वेळ हाताकडे पाहत राहिल्या. मग विचारलं, "डोये तं नाही जात ना यानं?" नाही म्हटलं. "मंग काया झालं तं झालं. उनात काम करून कोनती गोरी राहिली मी."

दुसरं सुचवलं ते आशाताईंनी. गावात आपणच आधी सांगू, म्हणाल्या, मग कोणी कुजबुजणार नाही. बचत गटाच्या बैठकीत त्यांनी सरळ सांगून टाकलं की बाईंना फुप्फुसाचा आजार आहे, तो लागत नाही, आणि गोळीने रंग बदलेल. या रुग्णामागे आशाताईंना एक पैसाही मिळत नव्हता. टीबीची नोंद बंद झाली तेव्हा त्यांचं येणं बंद व्हायला हवं होतं. झालं नाही.

क्लोफाझिमिन नागपूरच्या एका रुग्णालयाच्या औषध दुकानातून मागवलं. क्लोफाझिमिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात, म्हणून ईसीजी पुन्हा काढला आणि महिन्याने आणखी एकदा. मे २०२३ च्या शेवटी तिन्ही औषधं एकाच दिवशी सुरू केली. सुरू करण्याआधी कल्चर पाठवलं आणि त्या जंतूवर अझिथ्रोमायसिनचा गट अजून चालतो का, हे पाहायला सांगितलं. रिपोर्ट यायला सहा आठवडे लागले. चालत होता. त्या नऊ दिवसांतून सुटलो.

पोळ्याला थांबायचं होतं

ऑगस्ट २०२३ चं कल्चर पहिल्यांदा निगेटिव्ह आलं. बेडका अर्ध्या वाटीवरून दोन चमचे झाला, वजन ३९. सप्टेंबरात पोळ्याच्या आधी मावशी दवाखान्यात आल्या आणि पर्स उघडून औषधाची चिठ्ठी टेबलावर ठेवली. बरं वाटतं, सोयाबीनचा भाव पडला, मुलावर कर्ज आहे, पोळ्याला गोळ्या बंद करते.

मला वाटतं, या प्रकरणाचा कल इथंच ठरला. मी 'कोर्स पूर्ण करा' म्हणालो असतो तर त्या मान डोलावून गेल्या असत्या आणि बंद केल्या असत्या. त्याऐवजी आम्ही खर्च कुठं कापता येईल ते पाहत बसलो. यकृताची तपासणी दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी, कारण सहा महिने ती ठीक होती. कल्चर दर महिन्याऐवजी दोन महिन्यांनी, पण पुढची दोन लागोपाठ महिन्यांनी, कारण ओळीने तीन निगेटिव्ह आल्याशिवाय साफ झालं असं धरत नाहीत. अझिथ्रोमायसिन जनऔषधी दुकानातून. माझी फी शून्य, ती तशीही नावालाच होती. महिन्याचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. गोळ्यांना मात्र हात लावला नाही.

आणि तारीख ठरवली. ऑगस्टपासून बारा महिने, म्हणजे पुढचा पोळा. पहिल्यांदाच या उपचाराला शेवटचा दिवस मिळाला. सुनेने पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आलं तेव्हा पोळ्याच्या तारखेवर बैलाचं तोंड काढलं.

सप्टेंबर आणि ऑक्टोबरची कल्चरं निगेटिव्ह आली. पुढचं वर्ष तसं साधं गेलं, म्हणून थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात एकदा ताप आला तेव्हा सगळे धास्तावले, ती साधी सर्दी निघाली. कातडी काळी पडली, गावाने पाहिली आणि विसरली. डोळे तीन-चार महिन्यांत बरेच सुधारले, नजर ६/९ वर आली. रंग पूर्ण परतले नाहीत. जुलै २०२४ पासूनचे लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये खात्यात पडले तेव्हा मावशींनी दोन महिन्यांच्या गोळ्या स्वतःच्या पैशाने घेतल्या. मुलगा पैसे द्यायला लागला तर त्याला म्हणाल्या, राहू दे, तू खत आन.

निकाल

पोळा २ सप्टेंबरला होता. चुकलेल्या दिवसांची भर म्हणून आम्ही आणखी चार आठवडे ओढले आणि सप्टेंबर २०२४ च्या शेवटी औषध बंद केलं. वजन ४१ किलो. पोकळीची भिंत पातळ झाली, पोकळी राहिली. फुगलेल्या नळ्या तशाच आहेत आणि राहणार, त्यामुळे सकाळचा खोकला गेलेला नाही. हे आधीच स्पष्ट सांगितलं होतं म्हणून निराशा कमी झाली. कुशीवरचे व्यायाम चालू आहेत.

मे २०२५ मध्ये एक कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह आलं. या आजारात औषध संपल्यावर पुन्हा लागण होणं नवीन नाही, कारण जंतू आसपासच्या माती-पाण्यातच असतो. घरात रडारड झाली. मला लगेच औषध सुरू करण्याचा मोह झाला. पण वजन स्थिर, ताप नाही, एक्स-रे जुन्यासारखाच. एकाच नमुन्यावर आजार ठरवायचा नसतो हा नियम २०२२ साली पाळला, तो आता का मोडायचा? थांबलो. जून आणि ऑगस्टचे दोन्ही नमुने निगेटिव्ह आले.

पुन्हा करायचं झालं तर

काचपट्टी पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट निगेटिव्ह असा कागद समोर आला की मी आता त्याच दिवशी कल्चर पाठवतो. टीबीचं औषध एकदाही पूर्ण घेतलेल्या माणसात तर नक्कीच. तसं केलं असतं तर मावशींचे पाच महिने आणि चार किलो वाचले असते.

सुनेचा फोन लागला नाही ती गोष्ट मला जास्त सलते. आता अशा रुग्णांच्या डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवतो : डोळे, कान, कावीळ, सतत उलटी यांपैकी काहीही झालं तर तिन्ही बंद, आणि हे तीन नंबर. तिन्ही नंबर माझे नाहीत. त्यातला एक आशाताईंचा आहे.

डोळ्यांसाठी दर महिन्याला ३५ किलोमीटर जा असं सांगणं म्हणजे न सांगण्यासारखंच. रंगीत ठिपक्यांची एक पुस्तिका आणि भिंतीवर लावायचा नजरेचा तक्ता एवढं मी दवाखान्यातच ठेवू शकलो असतो. आता ठेवलं आहे. दर महिन्याला गोळ्यांची चिठ्ठी देण्याआधी पुस्तिका उघडायची, मगच चिठ्ठी. रात्री झोपताना गोळी, आणि वेच्याला मुक्कामी जाताना पदराला बांधायची चार दिवसांची पुडी, हेही पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं.

इंजेक्शनं न देण्याचा निर्णय मी आजही बदलणार नाही. मावशींना दारातलं कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं आणि नातवाचं बोलणंही. पण कान चांगले असलेला रुग्ण असता तर मी ती दिली असती.

ऑगस्टमध्ये त्यांच्या घरी गेलो होतो. चहा झाला, सुनेने पोहे आणले. चुलीमागच्या फळीवर नजर गेली तर जर्मनचं ताट तिथं नव्हतं. विचारलं तर सून म्हणाली, त्यात आता कोंबड्यांना दाणे टाकतो. थुंकीची पुढची डबी दसऱ्यानंतर, वेचा सुरू व्हायच्या आधी पाठवायची आहे.